लिंबू सरबताच्या पावडरीचा वास पावसाळ्यात बिघडतो, कोॲसर्वेशन करू का?

सरबतवाली, भांडुप
प्रीमिक्सचं छोटं युनिट आहे. लिंबाचं तेल तळोज्याला जॉब वर्कवर स्प्रे ड्राय (गरम हवेत फवारून पावडर) करून घेते, सोबत नुसतं माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पावडर. मेपर्यंत माल झकास. जुलै लागला की खडे होतात आणि सॅशे फोडला की टर्पेंटाइनसारखा वास येतो. एक सप्लायर कोॲसर्वेशन करा, म्हणजे तेलाच्या थेंबांना वेगळ्या पद्धतीनं कवच चढवा म्हणतोय, पण दर बराच चढा आहे.

तळोजेकर
ताई, नका करू. आधी कॅप्सूल, म्हणजे कवचात बंद तेलाचा थेंब, कुठे फुटायला हवी ते ठरवा. तुमची थंड पाण्यात, ग्लासात. कोॲसर्वेशनमध्ये जिलेटिन आणि गम अकेशिया (बाभळीच्या जातीचा डिंक) वापरतात. पीएच चारच्या आसपास आणला की एकावर धन, दुसऱ्यावर ऋण भार येतो. दोन्ही मिळून तेलाच्या थेंबाभोवती जमतात, मग गार करून भिंत पक्की करतात. ती थंड पाण्यात विरघळत नाही. च्युइंगगममध्ये उत्तम, सरबतात काय कामाची? शिवाय जिलेटिन आलं की पाकिटावरचा हिरवा ठिपका गेला.

तुमचं दुखणं भिंतीतच आहे. माल्टोडेक्स्ट्रिन एकटं इमल्शन, म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे थेंब, बांधत नाही. त्यात गम अकेशिया किंवा मॉडिफाइड स्टार्च घालायला लावा, होमोजिनायझर चालवून थेंब दोन मायक्रॉनखाली आणा. कणाच्या बाहेर राहिलेल्या तेलातला मुख्य घटक, लिमोनीन, हवेनं ऑक्सिडाइज होतं, वास त्याचाच. लॅबमध्ये पावडर हेक्झेननं हलकेच धुवायची, गाळायची, हेक्झेन उडवून उरलेलं तेल तोलायचं. दर बॅचला हा आकडा मागाच; मी त्याशिवाय गोणी गाडीत चढवू देत नाही.

छापखाना, लालबाग
बिलबुकाचा कार्बनलेस कागद याच जिलेटिन-गमवर सुरू झाला, १९५०च्या दशकात, अमेरिकेतल्या एनसीआर कंपनीत. वरच्या कागदाच्या पाठीला रंगहीन डायच्या (रंगद्रव्याच्या) कॅप्सूल. पेनाच्या दाबानं फुटतात, खालच्या कागदावरच्या मातीच्या लेपाशी डाय भिडतो आणि अक्षर उमटतं.

सरबतवाली, भांडुप
खूप आभार दादा! आणि खड्यांचं काय?

तळोजेकर
त्याचा दोष सगळा तेलाच्या पावडरीवर टाकू नका. साखर आणि सायट्रिक ॲसिडही ओल धरतात. भरायच्या खोलीत डीह्युमिडिफायर लावा, सॅशे ॲल्युमिनियम फॉइलच्या लॅमिनेटचा घ्या, आणि उघडलेली गोणी रात्रभर तशीच ठेवू नका. पुढची बॅच गम घालून थोडीच काढा, जुन्या मालाशेजारी ठेवून दर आठवड्याला हुंगून बघा आणि इथे कळवा.