गोल्फचा ड्रायव्हर दीड इंच कापायचा म्हणतोय, अडवा नाहीतर करवत द्या

उजवीकडचं_जंगल

मंडळी, थेट विषयावर येतो. माझा ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब (काठी), ४५.७५ इंची आहे, आणला तसाच वापरतोय, आणि मी उंचीला पाच फूट सहा इंच. एका राउंडला साधारण चौदा वेळा ड्रायव्हर काढतो, त्यातले तीन, फार तर चार बॉल फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवतावर), बाकीचे कुठे जातात ते वरच्या नावावरून ओळखा. आणि तोच मी थ्री वुड (ड्रायव्हरच्या खालोखालचा क्लब) घेतो तेव्हा बॉल शहाण्या पोरासारखा समोर जातो. थ्री वुड किती लांब? ४३ इंच. तिथून डोक्यात किडा वळवळायला लागलाय.

बरं, जुने लाकडी हेडचे (डोक्याचे), स्टील शाफ्टवाले (दांडीवाले) ड्रायव्हर ४३, ४३.५ इंचीच असायचे. मग ग्राफाइट आला, काठी हलकी झाली, हेड फुगत फुगत ४६० सीसीवर गेलं आणि शाफ्ट गुपचूप वाढत राहिला. का वाढला? कारण लांब काठीने दहातला जो एक बॉल बसतो तो लांब जातो, आणि स्क्रीनवरचा तोच आकडा बघून आपण खिसा मोकळा करतो. उरलेले नऊ आपण घरी घेऊन येतो.

तर दीड इंच कापायचं ठरवलंय, ४४.२५ करायचा. अडवायचं असेल त्याने आत्ताच अडवा, शनिवारी करवत चालणार.

अंशकोन

अडवतो. दादा, तुमचा बॉल उजवीकडे जातो तो शाफ्ट लांब आहे म्हणून नाही, फेस, म्हणजे हेडचा बॉलला लागणारा चेहरा, उघडा (उजवीकडे वळलेला) येतोय म्हणून. ड्रायव्हरमध्ये बॉल कुठल्या दिशेला सुटणार हे बहुतांशी फेस ठरवतो आणि पुढे किती वळणार ते फेस आणि पाथ (हेड फिरण्याची वाट) यांच्यातल्या फरकावर. हे गणित ४६ इंचाला जे आहे तेच ४४ ला आहे. कापलात तरी स्लाइस (उजवीकडे वळत जाणारा बॉल) तोच राहणार, फक्त दहा यार्ड अलीकडे जंगलात शिरेल.

आणि थ्री वुडचं श्रेय तुम्ही चुकीच्या माणसाला देताय. त्याचा लॉफ्ट (फेसचा वरचा कल) १५ अंश, तुमच्या ड्रायव्हरचा १० च्या आसपास असेल. लॉफ्ट वाढला की बॅकस्पिन (बॉलचा मागे फिरणारा फिरका) वाढतो, आणि मग फेस तेवढाच उघडा असला तरी स्पिनचा आस कमी कलतो, बॉल कमी वळतो. वर तो जातोही कमी लांब, म्हणजे भरकटायला अंतरच कमी मिळतं. यात लांबीचा वाटा असेल थोडा, नाही म्हणत नाही, पण ड्रायव्हरचा लॉफ्ट दोन अंश वाढवून बघितलात का आधी? नाचता येईना अंगण वाकडं, असं होऊ देऊ नका.

करवतवाला

अंशकोन साहेब, अंगण कधी कधी खरंच वाकडं असतं हो!

मी स्वतः तीन वर्षांपूर्वी पाऊण इंच कापलाय आणि दोस्तांचे मिळून दहा-बारा तरी कापले असतील. फेस-पाथ सगळं मान्य, पण तुमचं ते गणित बॉल फेसच्या मधोमध लागला तर. हौशी माणसाचा मधोमध लागतो कुठे? हीलला (फेसच्या शाफ्टकडच्या टोकाला) लागला की हेड फिरतं आणि गिअर इफेक्टने बॉलला उलटा फिरका मिळतो, उजव्या हाताच्या माणसाला हीलवरचा बॉल स्लाइसकडे ढकलतो आणि टोवरचा (पलीकडच्या टोकावरचा) हूककडे, म्हणजे डावीकडे. म्हणजे धागाकर्त्याच्या स्लाइसमधला किती वाटा फेसचा आणि किती वाटा हीलचा हे तुम्हाला इथे बसून कसं कळलं?

आता अंतराचं. समजा एका माणसाचा क्लब ताशी ९५ मैलाने फिरतो. मधोमध लागला, स्मॅश (बॉलचा वेग भागिले क्लबचा वेग) १.४८, बॉलचा वेग १४०. हीलला लागला, स्मॅश १.४० वर आला, वेग १३३. सात मैल गेले, म्हणजे पंधरा-एक यार्ड गेले. आता इंचभर कापून क्लबचा वेग दीड मैल कमी झाला असं धरा आणि तरी स्मॅश १.४६ ठेवला तर बॉल १३६ ने सुटतो. सगळ्यात भारी बॉल आखूड झाला, कबूल. पण रोजचा बॉल लांब झाला. आपण राउंड रोजच्या बॉलने खेळतो ना?

अठरावं_होल

प्रो लोकांकडे बघा की. रिकी फाउलरने २०१७ मध्ये ४३.५ इंची ड्रायव्हर वापरला, जिमी वॉकर तर त्याच सुमारास ४२ वर गेला होता, म्हणजे थ्री वुडपेक्षा आखूड! टूरवरची (व्यावसायिक स्पर्धांमधली) बहुतेक पोरं ४५ च्या आसपास किंवा खालीच असतात. जगातले सगळ्यात सरळ मारणारे लोक आपल्यापेक्षा आखूड काठी वापरतात आणि आपण ४५.७५ घेऊन झाडं मोजतोय.

जुनाखोड

आणि फिल मिकलसन? २०२१ ची पीजीए चॅम्पियनशिप किआवा आयलंडला पन्नासाव्या वर्षी जिंकला तेव्हा बॅगेत ४७.९ इंचाचा ड्रायव्हर होता, ४८ च्या मर्यादेला चिकटून. पुढे २०२२ पासून व्यावसायिक स्पर्धांना ४६ ची मर्यादा घालायची मुभा मिळाली आणि टूरने ती घातली. आपल्याला साध्या खेळात ४८ अजून चालतो. सांगायचं एवढंच की प्रोचं उदाहरण दोन्ही बाजूंनी देता येतं म्हणून ते देऊच नये. त्या माणसाच्या मागे फिटर (क्लब मापाचा करून देणारा) असतो, त्याला हवं त्या वजनाचं हेड मिळतं, आणि तो ४२ इंचाला आला तरी त्याचा बॉल आपल्यापेक्षा पुढेच जातो. वॉकरने कापला म्हणून आपण कापायचा हे शेजाऱ्याचा चष्मा लावण्यासारखं झालं.

माझा विरोध वेगळ्याच कारणाने आहे. कापलेला परत जोडता येत नाही. म्हणजे मागून एक्स्टेन्शनचा तुकडा घालतात, पण वजन बदलतं आणि फील पहिल्यासारखा येत नाही. शिंपीसुद्धा आधी टाचण्या लावून घालून बघायला सांगतो, मग कात्री उचलतो. तुम्ही ग्रिप दीड इंच खाली धरून महिनाभर खेळा. फुकट आहे.

उजवीकडचं_जंगल

जुनाखोड काका, खाली धरून बघितलंय. ग्रिप खाली निमुळती होत जाते, हात भलतेच वळवळतात, आणि मागचा शिल्लक तुकडा मनगटाशी लुडबुडतो. क्लब आपला वाटतच नाही.

करवतवाला

बरोबर, आणि खाली धरलेला क्लब म्हणजे कापलेला क्लब नव्हे. मागचं दीड इंच शाफ्ट आणि ग्रिपचं जाड टोक हातांच्या वर लटकत राहतं, ते कापलं की तिथलं वजनच जातं. पण चाचणी म्हणून काका म्हणतात ते चांगलंय. डावा हात जिथे येतो तिथून खाली ग्रिपच्या आत टेपचे दोन-तीन वेढे देऊन जाडी वाढवा आणि मग खाली धरा, हात शांत राहतील.

अंशकोन

आता करवतवाला स्वतःच वजनावर आलेत तर जरा खोलात जाऊ, कारण बहुतेक लोक इथेच माती खातात.

अर्धा इंच कापला की स्विंगवेट (फिरवताना टोकाचं वजन किती जाणवतं त्याचं माप, सी, डी अशा अक्षरांत) साधारण तीन पॉइंट उतरतो. दीड इंच म्हणजे नऊ. डी३ चा क्लब होता तर तो झाला सी४. म्हणजे टोकाला हेड आहे की नाही हेच कळणार नाही. मग माणूस हाताने क्लब फेकायला लागतो, वरून खेचतो, टायमिंग जातं आणि इथे येऊन लिहितो की कापून उपयोग झाला नाही. पॉइंट परत मिळवायचा तर एका पॉइंटला हेडवर दोन ग्रॅम, म्हणजे अठरा ग्रॅम. हेड असतं दोनशे ग्रॅमच्या आसपास. अठरा ग्रॅम वाढवले की शाफ्ट हातात मऊ लागायला लागतो, कापल्यामुळे जो थोडा कडक झाला होता ते फिटतं. म्हणजे तुम्ही लांबी बदलायला निघालात आणि बदलल्या चार गोष्टी. मग बॉल सरळ गेला तर कशामुळे गेला? काय सांगणार?

करवतवाला

अहो पण नऊच्या नऊ पॉइंट परत आणायचे असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? आखूड क्लबला थोडा हलका स्विंगवेट चालून जातो. निम्मं परत आणायचं आणि मारून बघायचं. माझ्या हेडला मागे स्क्रूचं वजन होतं, ते काढून जरा जड घातलं आणि उरलेलं लेड (शिशाच्या) टेपने भागवलं. टेप कुठे लावता यालाही अर्थ आहे, स्लाइसवाल्याने हीलकडे लावली तर फेस बंद व्हायला किंचित मदत होते. किंचित म्हणतोय, चमत्कार नाही.

मात्र दीड इंच एकदम नको, हे मीही म्हणतो. आधी पाऊण.

लहानखुरी

इतका वेळ वाचतेय आणि सगळे गणितं घालतायत, उंचीवर कोणीच बोलत नाहीये. मी पाच फूट एक. माझ्या हातात पहिल्यांदा भावाचा ४५.५ इंची ड्रायव्हर आला तेव्हा मला बॉलपासून इतकं लांब उभं राहावं लागायचं की स्विंग आपोआप आडवा व्हायचा, झाडू मारल्यासारखा. दोन प्रोंनी (शिकवणाऱ्यांनी) मला पाथ सुधारायला सांगितलं. तिसऱ्याने टेप घेऊन क्लब मोजला. ४४ चा दिला आणि त्याच दिवशी उभं राहायची पद्धतच बदलली. अंशकोन दादा, पाथ आणि फेस हे हवेतून येत नाहीत ना, काठी किती लांब आहे त्यावर माणूस कसा उभा राहतो ते ठरतं. म्हणून "लांबीचा आणि फेसचा संबंध नाही" हे मला पटत नाही.

पण एक लक्षात ठेवा, जे मला कोणी सांगितलं नव्हतं. आखूड झाला की बॉलच्या जवळ उभं राहायचं. जुन्या सवयीने लांब राहिलात तर बॉल टोवर लागणार.

अंशकोन

ताई, मुद्दा मान्य. "संबंध नाही" असं मी शब्दशः म्हटलं नव्हतं पण सूर तोच होता, ठीक आहे. तुमच्या बाबतीत क्लब मापाचाच नव्हता. पाच फूट सहाच्या माणसाला ४५.७५ इतका बेमाप होत नाही. त्याने आधी खुणा बघाव्यात. फेसवर फूट पावडरचा (पायाला मारतात तो) स्प्रे मारा, वीस बॉल मारा, फोटो काढा. खुणा सगळीकडे विखुरल्या असतील तर लांबीवर बोलू. सगळ्या मधोमध असतील आणि तरी बॉल उजवीकडे जात असेल तर करवत कपाटात ठेवा आणि प्रोकडे जा.

उजवीकडचं_जंगल

केलं. शनिवारी करवतीऐवजी स्प्रे घेऊन रेंजवर (सरावाच्या मैदानावर) गेलो, शेजारच्या जागेवरचा माणूस बघतच राहिला.

पहिले वीस पूर्ण लांबीने. फेसवर गोवर आल्यासारखं दिसत होतं. बारा खुणा हीलकडे, त्यातल्या बऱ्याच खाली, दोन पार टोच्या टोकाला, मधे मोजून सहा. मग करवतवाल्यांनी सांगितलं तसं आतून टेप देऊन दीड इंच खाली धरून वीस. मधे अकरा. उरलेल्यापण मधल्याच्या शेजारीपाजारी.

पण अंशकोन, तुमच्यासाठीपण बातमी आहे. त्या अकरातलेसुद्धा सात उजवीकडेच सुटले. वळले कमी, म्हणजे जंगलात जायच्या ऐवजी रफच्या (उंच गवताच्या) काठावर थांबले असते असं वाटतं, पण सुटले उजवीकडेच. तर तुमचा उघडा फेस आहेच जागेवर.

जुनाखोड

वीस बॉल एका दिवसाचे. दुसऱ्या दिवशी कंबर आखडलेली असताना परत मारा आणि मग बोला.

करवतवाला

काका, तुमच्या हिशेबाने माणूस आयुष्यभर चाचणीच करत बसेल. सहावरून अकरा होणं पुरेसं आहे. भाऊ, पाऊण इंच काप. आणि नीट ऐक: मागून, ग्रिपच्या बाजूने, पुढचं टोक अजिबात नाही, तिकडून कापलंस तर शाफ्टचा स्वभावच बदलतो. ग्रिप काढ, खूण कर, खुणेभोवती मास्किंग टेप घट्ट गुंडाळ नाहीतर ग्राफाइटचे धागे सुटतात. बारीक दातांची करवत, शाफ्ट फिरवत फिरवत हळू. पाइप कटर चालवू नकोस, तो स्टीलला ठीक, ग्राफाइट चिरडतो. तोंडाला मास्क हवाच, ती धूळ छातीत जाणं बरं नव्हे. मोजताना नवीन ग्रिपची टोपी धरून मोज, ती विसरून कापला की पाव इंच कुठे गेला ते शोधत बसतो माणूस. हसू नका, मी शोधलाय.

अंशकोन

कापाच मग, पण लॉफ्टचा स्लीव्ह (हेड-शाफ्टच्या जोडावरची फिरवायची नळी) एक अंश वर करून. आणि महिन्यातून एकदा तरी फेसवर काम करा.

उजवीकडचं_जंगल

कापला. पाऊण इंच, ४५ वर आणला, हेडच्या मागचं स्क्रूचं वजन पाच ग्रॅमने वाढवलं, लॉफ्ट एक अंश वर. आज रेंजवर पहिले दहा मारले आणि नऊ खुणा टोवर! हीलकडून थेट पलीकडच्या गावाला. करवतवाले, हे काय झालं?

लहानखुरी

मी काय सांगितलं होतं? बॉलच्या जवळ उभे राहा.

उजवीकडचं_जंगल

अरे हो. पाऊल पुढे सरकवलं ताई, मधे यायला लागल्या. दोन तर डावीकडेपण गेले, तिकडे आपल्या रेंजला झाडं आहेत हे आजच कळलं.