मदत हवी आहे : हरिपूरचं पेव आणि दबलेली आठवण

सांगलीत घडणाऱ्या मानसशास्त्रीय थरार-कादंबरीचा तिसरा खर्डा अडलाय. नायिकेला 1994 साली, सातव्या वर्षी, सांगलीजवळच्या हरिपुरातल्या हळदीच्या रिकाम्या पेवात (हळद साठवायच्या जमिनीखालच्या खोल कोठारात) कोंडलेलं असतं. पुढे 2005 च्या महापुरात पेव बुडतं, पुरावा संपतो. इथवर जमलंय.

गोची अशी, की बंद पेवात प्राणवायू कमी असतो. तोंड उघडून हवा खेळू दिल्याशिवाय हमालही आत उतरत नाही, मग पोर जगेल कशी? पेव किती तास उघडं ठेवत? तोंड फक्त फरशीने झाकलं, मातीने लिंपलं नाही, तर हवा पुरेल का? हळदीच्या पेठेतल्या जाणकारांनी सांगावं.

संमोहनात सगळं लख्ख आठवतं, हा घिसापिटा प्रसंग काढून टाकलाय. संमोहनाने खात्री वाढते, अचूकपणा नाही. लॉफ्टस आणि पिकरेल या मानसशास्त्रज्ञांच्या 1995 च्या प्रयोगात तर 24 पैकी 6 जणांनी लहानपणी न घडलेलं हरवणं पूर्ण किंवा अंशतः खरं मानलं होतं. म्हणून तिला फक्त तुकडेच दिलेत: हळकुंडांचा उग्र वास, वर ताटाएवढा उजेड, दोर घासल्याचा आवाज. चेहरा नाही.

मग गुन्हेगार कोण, हे वाचकाला कुठून कळवू? पोक्सो (बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) 2012 चा, त्यामुळे 1994 च्या गुन्ह्याला तो लागू नाही. कोर्टाची वाट नकोच.