गिरणेच्या ओल्या वाळूवर फुलपाखरांचा जत्था, हे काय असतं?

गिरणाकाठ_भडगाव:
राम राम मंडळी. आमचं शेत भडगावकडे, गिरणेला लागून. पाऊस उघडला की गुरं पाण्यावर नेतो, तिथं ओल्या वाळूवर पिवळसर-पांढऱ्या फुलपाखरांचा जत्थाच बसलेला असतो, एकमेकांना खेटून, आणि बाजूला घाणेरी फुललीय तरी तिकडं एक जात नाही. शेजारचे काका म्हणतात कपाशीवरच्या फवारणीनं गुंगी आली असेल. खरंय का? फोटो काढायला गेलो की सगळी भुर्र.

पाटणादेवी_भटक्या:
फवारणी नाही भो, याला मड पडलिंग म्हणतात. फुलाच्या मधात साखर भरपूर पण सोडियम जवळजवळ नाहीच, ते ओल्या मातीतून आणि गुरं जिथं मुततात तिथून ओढून घेतात. तुमची गुरं तिथंच पाणी पितात म्हणजे विषयच संपला. जत्थ्यात बहुतेक नरच असतात, मीलनात हे क्षार मादीला देतात आणि ते अंड्यांच्या कामी येतात. रंगावरून कॉमन एमिग्रंट वाटतात, त्यांच्या अळ्या बहाव्यावर वाढतात. पंख मिटलेला फोटो टाका, नक्की सांगता येईल.

केळीबाग_रावेर:
फोटोचं सांगतो. नऊच्या आधी जाऊन उपयोग नाही, गार अंगानं तेव्हा ती कुठंतरी ऊन खात बसलेली असतात. चिखलाजवळ उभं राहायचं नाही, लांबूनच खाली बसायचं आणि हळूहळू सरकायचं, आपली सावली त्यांच्यावर पडली की गेलीच. एकदा प्यायला लागली की मग फारशी हलत नाहीत. आम्ही पालला सुकी नदीच्या काठी असंच करतो. सडकी केळी ठेवली तर राजा जातीची पण येतात, आणि रावेरात केळ्याला काय तोटा :)

पाटणादेवी_भटक्या:
केळी टाकून बोलावण्यात मला मजा वाटत नाही दादा, मुंग्याच जास्त येतात. त्यापेक्षा बांधावरची रुई बघा. प्लेन टायगर फुलपाखराची अळी तिची पानं खाते, रुईचं विष अंगात साठतं म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत, आणि डॅनेड एगफ्लायची मादी हुबेहूब त्याच्यासारखी दिसून फुकटात वाचते! मागचा पंख बघायचा: प्लेन टायगरला मधोमध तीन-चार काळे ठिपके, एगफ्लायला कडेला एकच.

गिरणाकाठ_भडगाव:
रुई पाहिजे तेवढी आहे, उद्याच बघतो. पण वाळूचे ट्रॅक्टर उतरायला लागल्यापासून नदीतली ओली जागा पार उकरून टाकलीय, जत्था आता आमच्या गोठ्यामागच्या चिखलावर येतो. तिथं मुद्दाम गोमूत्र शिंपडलं तर चालेल का?

केळीबाग_रावेर:
चालेल की, थोडं मिठाचं पाणी पण टाका. फक्त फवारणीचा पंप धुतलेलं पाणी त्या बाजूला सोडू नका.