मदत हवी आहे : बॉक्सिंग खेळणाऱ्या मुलीचा ताकदीचा सराव आणि आहार

नमस्कार. आम्ही सांगलीचे. माझी १७ वर्षांची मुलगी बॉक्सिंगमध्ये ५७ किलो वजनगटात खेळते. घरात कुस्तीची परंपरा असल्यामुळे तिचे आजोबा तिला रोज पहाटे तालमीतल्यासारख्या जोर-बैठका काढायला लावतात. त्यामागची माया मला कळते, परंतु तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि त्यांच्यामध्ये जेमतेम एका मिनिटाची विश्रांती, एवढ्यात ठोशांचा वेग टिकवायचा असेल, तर रोजच्या शेकडो बैठकांनी पाय जड होतात, असे मला वाटते. त्याऐवजी आठवड्यातून दोन दिवस वजन घेऊन स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि पुल-अप्स, अशी आखणी योग्य ठरेल का?

माझी खरी काळजी आहाराची आहे. मागच्या स्पर्धेआधी वजन गटात बसावे म्हणून तिने दोन दिवस पाणी जवळजवळ तोडले आणि दुसऱ्या फेरीतच तिचे हात खाली आले. हे मला पुन्हा घडू द्यायचे नाही. अंडी, दूध, मटकी आणि सोयाबीन यांतून शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा माझा प्रयत्न असतो. वजन दिल्यानंतर लढतीपर्यंतच्या वेळेत तिला काय आणि किती द्यावे, हे अनुभवी प्रशिक्षकांनी किंवा खेळाडूंच्या पालकांनी कृपया सविस्तर सांगावे.