हील-टो करताना ब्रेकवरचा दाब बदलतो, काय चुकतंय?

घाटवाट_पुणे: मंडळी, पुढच्या महिन्यात कोइंबतूरच्या करी स्पीडवे या रेस ट्रॅकवर पहिल्यांदाच गाडी पळवणारे, साधी मॅन्युअल हॅचबॅक आहे. दोन महिने पहाटे मोकळ्या रस्त्यावर हील-टो (उजव्या पायाने ब्रेक दाबलेला ठेवून त्याच पायाने रेस देत खालचा गिअर टाकणं) करून बघतोय पण टाच रेसपर्यंत पोचतच नाही, आणि पोचली की ब्रेक जास्त दाबला जातो, शेजारी बसलेला पुढे आपटतो. पेडल बदलून घेऊ का?

तिसरा_गिअर: पेडलला हात लावू नकोस रे. आणि टाच विसर आधी, नाव जुनं आहे. चवड्याची डावी बाजू ब्रेकवर ठेवायची आणि घोट्यातून पाय कलता करून उजवी कड रेसवर टेकवायची. खरी गोम अशी की रस्त्यावर आपण ब्रेक हलका दाबतो त्यामुळे ते पेडल रेसच्या बरंच वर राहतं, ट्रॅकवर जीव खाऊन दाबलास की खाली जाऊन रेसच्या बरोबरीला येतं, तेव्हा पाय आपसूक पोचतो. आणि गिअर घाईने पाडू नको!! आधी ब्रेक, स्पीड उतरू दे, मग क्लच दाबून रेसचा झटका, गिअर, क्लच वर. ब्रेक मात्र पूर्ण वेळ तसाच. समज तिसऱ्या गिअरचा रेशो (चाकाकडे जाणाऱ्या एका फेऱ्यामागे इंजिनचे फेरे) १.३ आणि दुसऱ्याचा १.९ आहे, तर ३००० आरपीएमला गिअर पाडलास की इंजिनला ४४०० च्या आसपास जावं लागतं, तो फरक तुझ्या पायाने भरायचा.

घाटवाट_पुणे: आणि नाही भरला तर? एफवनवाले (फॉर्म्युला वन रेसवाले) तरी कुठे करतात आता?

जुना_मेकॅनिक: नाही भरला तर तो फरक चाकं भरतात. मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर ऐन वळणाच्या तोंडावर मागची चाकं क्षणभर अडकतात नि गाडी फिरते. तुझी पुढच्या चाकांवर असणार, ती वळायची सोडून सरळ जाईल. एफवनमध्ये १९८९ ला फेरारीने स्टिअरिंगमागे गिअर आणले, त्यांचा ड्रायव्हर मॅन्सेल पहिलीच शर्यत जिंकला ब्राझीलला, आणि पुढे क्लचचं पेडलच गेलं, आता डाव्या पायाने ब्रेक मारतात. जपानच्या सुझुका ट्रॅकवर एफवनचा ड्रायव्हर आयर्टन सेना होंडाची एनएसएक्स गाडी चालवतोय ते चित्रण बघ, पायात साधे लोफर आणि पांढरे मोजे. मी अजूनही थांबवून थांबवून बघतो, काय पाय आहे त्या माणसाचा! तूही जाड तळाचे बूट घालू नको, पेडल कळत नाही.

घाटवाट_पुणे: आज पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून न्यूट्रलला बसलो, ब्रेक घट्ट दाबला आणि खरंच दोन्ही पेडल एका पातळीत आली! वीसपैकी सहा वेळा ब्रेक न हलता रेस देता आली. उद्या परत बसतो.