सल्ला हवा: जिम्नीला ४० मिमी लिफ्ट, कॉइल स्प्रिंगा सुरक्षितपणे कशा काढाव्यात? कॉम्प्रेसर कोणता घ्यावा?

घाटवाट_मुलुंड (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. २०२३ ची पाच दारांची मारुती जिम्नी आहे. ४० मिमी लिफ्टच्या (गाडी तेवढी उंच करणाऱ्या) चार स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे लांब शॉकअप आणून ठेवलेत. काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी आणि धाकटा भाऊ करणार. पान्यांचा सेट, टॉर्क रेंच आणि ट्रॉली जॅक आहे, स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं साधन) नाही. दाबलेली स्प्रिंग निसटण्याचा व्हिडिओ आईने पाहिला आणि तेव्हापासून घर डोक्यावर घेतलंय. तिची भीती खोटी नाही, म्हणून आधी विचारतोय. कॉम्प्रेसर कोणता घ्यावा आणि काम कुठल्या क्रमाने करावं? बजेट ३,००० रुपये, वर एक रुपया नाही. कृपया गॅरेज सुचवू नका.

थारवाला_ठाणे
भाऊ, हायड्रॉलिकच घ्या. मी पायाने दाबायच्या पंपाचा घेतला, पंधरा हजारांच्या वर गेला, पण एकदा घेतला की आयुष्यभराची चिंता मिटली. माझ्या २०२१ च्या थारला पुढे डबल विशबोन आणि शॉकअपवरच चढवलेली स्प्रिंग आहे. वरचा मधला नट स्प्रिंग पूर्ण दाबल्याशिवाय सैल केला की संपलं, सगळी ताकद त्या नटावरच असते. ३,००० मध्ये जीव धोक्यात घालू नका.

जुनी_जिप्सी
कॉइलच्या भानगडीत पडायचंच कशाला? आमच्या जिप्सीला चारही बाजूंना पाटे (लीफ स्प्रिंग). यू-बोल्ट सोडा, पाटा खाली घ्या, झालं. काही उडत नाही, काही निसटत नाही. हल्ली सगळ्यांना मऊ गाडी हवी.

थारवाला_ठाणे
@जुनी_जिप्सी, पाट्याला कमी समजू नका, मुख्य पानाला बाक असतो आणि तोही झटका देतो. शिवाय जिप्सीत मागे बसून माळशेज घाट केलाय का कधी? पाठ बोलते.

जुनी_जिप्सी
पाठ बोलते ती रस्त्यामुळे. गाडीला नावं ठेवू नका.

नटबोल्ट_चेंबूर
मुद्द्यावर येऊ. मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून हुकवाल्या दोन रॉडची जोडी घेतली, घासाघीस करून अकराशेला मिळाली. चांगली चालते, पण वापरायची रीत आहे. दोन्ही रॉड स्प्रिंगच्या समोरासमोरच्या बाजूंना लावायचे आणि जास्तीत जास्त वेढे पकडीत घ्यायचे. आट्यांना ग्रीस लावायचं. इकडे थोडे आटे, मग तिकडे तेवढेच, असं आलटूनपालटून हातपान्याने आवळायचं. एकच बाजू आवळत गेलात की स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि हुक वेढ्यावरून सरकतो.

इम्पॅक्ट गन तर अजिबात नको. ओळखीच्या एका गॅरेजात पोऱ्याने घाईत गनने आवळलं, आटे खाल्ले गेले आणि हुक सुटला. स्प्रिंगने मडगार्ड आतून फुगवलं. पोऱ्या बाजूला उभा होता म्हणून वाचला. तेव्हापासून मी स्प्रिंगच्या टोकासमोर कोणालाही उभं राहू देत नाही आणि वेढ्यांतून साखळी ओवून ती चासीला बांधतो.

रीतसर_वडाळा
कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलंय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न कळवता केलंत आणि अपघात झाला तर क्लेमच्या वेळी पहिलं बोट लिफ्टवरच ठेवलं जाईल.

नटबोल्ट_चेंबूर
मग लिफ्ट किट उघड उघड विकतात कसे?

रीतसर_वडाळा
विकणाऱ्याला काय, दंड मालकाला आहे. कलम वाचा.

ॲक्सल_अंधेरी
थारवाल्यांनी आणि नटबोल्टभाऊंनी सांगितलंय ते स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या गाडीचं. जिम्नीला पुढे-मागे सरळ ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) आहे, स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. त्यामुळे जुनी स्प्रिंग काढायला कॉम्प्रेसर लागतच नाही. माझ्या जिम्नीचं काम असंच केलंय. ॲक्सल हळूहळू खाली सोडला की स्प्रिंग सैल होते आणि हाताने निघते.

आदल्या रात्री सगळ्या बोल्टांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. मुंबईच्या खाऱ्या हवेत दोन पावसाळे काढलेला बोल्ट सरळ निघत नाही. हँडब्रेक लावा, जी चाकं जमिनीवर राहतील त्यांना दोन्ही बाजूंनी अडण लावा. गाडी चासीवर घ्यायची, दोन्ही बाजूंना जॅक स्टँड (गाडी टेकवायच्या पक्क्या घोड्या), आणि काढलेली चाकं चासीखाली आडवी सरकवायची, म्हणजे स्टँड घसरला तरी गाडी चाकांवर बसेल. सोसायटीत पेव्हर ब्लॉक असतील तर स्टँडखाली जाड प्लायवूड हवंच, नाहीतर स्टँडचे पाय ब्लॉकच्या सांध्यात रुततात. फक्त जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीच शिरू नका.

मग ट्रॉली जॅक ॲक्सलखाली लावून शॉकअपवरचा ताण काढा. दोन्ही बाजूंच्या शॉकअपचे खालचे बोल्ट काढा, पुढच्या स्टॅबिलायझर बारच्या लिंक सोडा. आता जॅक इंच-इंच खाली. भाऊला फक्त एकच काम द्या: टॉर्च धरून ब्रेकचा होस, एबीएसची वायर आणि ॲक्सलची ब्रीदर नळी बघत राहायचं. सगळ्यांत आधी ताणतो तो ब्रेकचा होस. त्याचा ब्रॅकेट बोल्ट काढून ढील द्या. ॲक्सल होसवर लटकला तर नवा होस आणि ब्लीडिंग (ब्रेकमधली हवा काढणं) मागे लागेल.

नवी स्प्रिंग लांब असते, जागा कमी पडते. तेव्हा ॲक्सलची दुसरी बाजू जॅकने थोडी वर घ्या, ही बाजू आपोआप आणखी खाली जाते. स्प्रिंगचं शेपूट खालच्या कपातल्या खाचेत नीट बसलंय का, ते बोटाने चाचपून बघा. अर्धा सेंटीमीटर इकडे-तिकडे असलं तरी पहिल्याच खड्ड्यात ठक आवाज येईल. रबर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर आल्यावरच पूर्ण आवळा, हवेत आवळले तर बुश पिळलेलेच राहतात आणि लवकर फाटतात.

बजेटमधून कॉम्प्रेसर काढून टाका आणि चांगले जॅक स्टँड घ्या. तुमच्या यादीत स्टँड दिसतच नाहीत.

सह्याद्री_बोरिवली
+१. जॅकवरच्या गाडीखाली शिरू नका. लिफ्टनंतर लॅटरल रॉडमुळे (ॲक्सल आडवा जागेवर धरणारा दांडा) ॲक्सल एका बाजूला सरकतो, ॲडजस्टेबल रॉड घ्या. पुढचा कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागचा कल) कमी होतो, स्टिअरिंग वळून परत येत नाही, त्यासाठी करेक्शन बुशही घ्या. हेडलाइट खाली करून घ्या, समोरच्याचे डोळे दिपतात. हे सगळं मी एकदमच करून घेतलं, गाडी आता रुळावर धावल्यासारखी चालते.

घाटवाट_मुलुंड
@सह्याद्री, बजेट ३,००० आहे.

सह्याद्री_बोरिवली
हो, पण रॉड घ्याच.

मीनल_दादर
स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या लावायचं) असेल तर आधी पॅलेटची उंची मोजा. जिम्नी मुळात १७२० मिमी आहे, वर ४० आणि कॅरिअर असेल तर त्याची उंची. आमच्या इमारतीत एकाची गाडी वरच्या पॅलेटला घासली आणि सेक्रेटरीने महिनाभर पत्रं पाठवली. शिवाय पार्किंगमध्ये तेल सांडलं तर सोसायटी काम मध्येच थांबवू शकते. गाडी स्टँडवर, स्प्रिंग बाहेर आणि समोर वॉचमन, अशी वेळ आणू नका.

जुनी_जिप्सी
जिप्सी असती तर हा धागाच निघाला नसता.

घाटवाट_मुलुंड (धागाकर्ता)
सर्वांचे मनापासून आभार. ॲक्सलभाऊंचा प्रतिसाद छापून टूलबॉक्सवर चिकटवलाय. ठरलं ते असं. जॅक स्टँडची जोडी नागदेवीतून आणली, प्लायवूड भावाच्या मित्राच्या सुतारखान्यातून मिळालं. ॲक्सलभाऊ नको म्हणाले तरी हुकवाली जोडीही घेतली. दोन्ही मिळून ३,००० च्या आत बसलं. जुनी स्प्रिंग काढायला ती वापरणार नाही, पण पुढची नवी लांब स्प्रिंग आत घालताना भाऊचा हात वेढ्यांत असणार, आणि तेव्हा ॲक्सल एका बाजूला तिरका करून जागा काढण्यापेक्षा स्प्रिंग थोडी दाबून घेणं मला बरं वाटतं. हातपाना, आलटूनपालटून, साखळी बांधून.

सोसायटीत नाही करत. कर्जतला मामाच्या अंगणात सिमेंटचा कोबा आहे, तिथे करू. विमा कंपनीला मेल केलाय. लॅटरल रॉड पुढच्या पगारावर.

ॲक्सल_अंधेरी
कॉम्प्रेसरची गरज नाही हे माझं मत कायम आहे. कोबा उताराचा नाही ना, ते लेव्हल ट्यूबने बघून घ्या. अंगणं पाणी वाहून जाण्यासाठी उताराचीच करतात.