शब्दचर्चा: ‘साहाय्य केले’, ‘फितूर झाले’ आणि अमेरिकी स्वातंत्र्ययुद्ध

प्रश्न: अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाविषयीच्या (१७७५–८३) मराठी लेखनात ‘कृष्णवर्णीयांनी व मूळ रहिवाशांनी वसाहतींना साहाय्य केले’ अशी वाक्ये दिसतात. इंग्रजांकडे गेलेल्यांना ‘फितूर’ म्हणता येईल का, हीही शंका आहे. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर १: ‘साहाय्य’ करणारा मूळ कार्याबाहेरचा असतो, असे तो शब्द गृहीत धरतो. लग्नात शेजाऱ्याने मदत केली असे आपण म्हणतो. वरपित्याने मदत केली असे म्हणत नाही. ऱ्होड आयलंड या बंडखोर वसाहतीने १७७८ मध्ये मालकांना भरपाई व गुलामांना मुक्तीचे वचन देऊन जी पलटण उभी केली, तिने त्याच ऑगस्टमध्ये इंग्रजांच्या भाडोत्री जर्मन शिपायांचे हल्ले परतवले. येथे ‘लढले’ हेच क्रियापद हवे.

‘फितूर’ तर मुळीच चालणार नाही. ज्या पक्षाचे मीठ खाल्ले त्याच्याशी आतून दगा, हा फितुरीचा अर्थ. जो विकत घेतलेला आहे त्याचा पक्ष कोणता? व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने नोव्हेंबर १७७५ मध्ये बंडखोर मालकांच्या गुलामांपैकी जे शस्त्र धरून इंग्रजांकडे येतील त्यांना मुक्त केले. राजनिष्ठ मालकांचे गुलाम मात्र होते तसेच राहिले, यावरून त्या उदारतेचा हिशेब कळतो. म्हणून इंग्रजांकडे गेलेल्या गुलामांना ‘राजनिष्ठ’ म्हणणेही अपुरे आहे. ‘इंग्रजांच्या बाजूने लढलेले’ असे सरळ लिहावे. युद्ध संपल्यावर न्यूयॉर्कमधून सुमारे ३,००० कृष्णवर्णीय आजच्या कॅनडातील नोव्हास्कोशियाला गेले, त्यांची नावनिशीवार नोंद उपलब्ध आहे.

उत्तर २: उत्तर १ शी सहमत आहे, परंतु ‘लढले’ सर्वत्र पुरणार नाही. जेम्स आर्मिस्टेड हा व्हर्जिनियातील गुलाम वसाहतींच्या सैन्यातील फ्रेंच सेनानी लाफायेत याच्यासाठी हेरगिरी करीत १७८१ मध्ये इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या छावणीत वावरत होता, आणि इंग्रज त्याला आपलाच हेर समजत होते. (हाच कॉर्नवॉलिस पुढे टिपूविरुद्धच्या मोहिमेत मराठ्यांचा दोस्त झाला.) व्हर्जिनियाने १७८३ मध्ये सैन्यात सेवा केलेल्या गुलामांना मुक्त करणारा कायदा केला, पण जेम्स हेर होता, शिपाई नव्हता, म्हणून तो कायद्यात बसला नाही. लाफायेतने १७८४ मध्ये लिहून दिलेले प्रशस्तिपत्र जोडून त्याने विधिमंडळाकडे अर्ज केला, तेव्हा कुठे १७८७ मध्ये तो मुक्त झाला. अशा ठिकाणी ‘कामगिरी बजावली’ हा आपला जुना प्रयोग चपखल बसतो.

उत्तर ३: ‘मूळ रहिवासी’ हा शब्द सामान्य उल्लेखापुरता ठीक आहे, पण तो कर्तेपदी घालून ‘मूळ रहिवाशांनी अमुक केले’ असे लिहू नये. ६ ऑगस्ट १७७७ रोजी ओरिस्कनीच्या लढाईत ओनायडा योद्धे वसाहतींच्या बाजूने, तर मोहॉक आणि सेनेका इंग्रजांच्या बाजूने होते; हे तिन्ही मूळ रहिवासी समाज ‘सहा राष्ट्रे’ (इरोक्वाय) या एकाच संघातील. तेव्हा ‘ओनायडांनी’, ‘मोहॉकांनी’ असेच लिहावे.